परक्याच्या दफ्तरांत आपलें नांव

उधारीचा व्यापार विश्वासावर चालतो आणि विश्वास ओळखीवर. ज्या गांवीं दुकानदार आणि गिऱ्हाईक एकाच देवळांत जातात, एकाच पाणवठ्यावर भेटतात, त्या गांवीं कोणाची पत किती हें कोणास विचारावें लागत नाहीं. परंतु बाजारपेठ गांवाची वेस ओलांडून शेंकडों कोस पसरली म्हणजे ही ओळख विकत घ्यावी लागते; आणि जी वस्तु विकत घेणारे पुष्कळ, ती पुरविणारा कोणी तरी निघतोच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं असा पुरवठादार निघाला, आणि परक्या माणसाची ओळख हा त्यानें स्वतंत्र धंदा केला. त्या धंद्याचा आजवरचा वृत्तांत येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. त्यांत एकच प्रश्न पुनःपुन्हां उभा राहतो : ज्याच्याविषयीं चोपडींत लिहिलें गेलें, त्यास चोपडी ठेवणाऱ्याकडे जाब मागतां येतो कीं नाहीं?

ल्यूइस टॅपन याचा जन्म १७८८ सालचा, मॅसॅच्युसेट्स प्रांतांतला. न्यूयॉर्क शहरीं वडील भाऊ आर्थर याच्या रेशमी मालाच्या पेढींत तो भागीदार होता. दोघेहि भाऊ कर्मठ ख्रिस्ती आणि गुलामगिरीचे हाडवैरी. १८३४ च्या जुलै महिन्यांत गुलामगिरीच्या कैवाऱ्यांनीं शहरांत दंगा केला, तेव्हां जमावानें ल्यूइसचें घर फोडून आंतील सामानसुमान रस्त्यांत जाळलें. पुढें १८३७ सालीं अमेरिकेंतील व्यापारास जो मोठा तडाखा बसला त्यांत टॅपनबंधूंची पेढी बुडाली. पेढीनें दूरदूरच्या दुकानदारांस माल उधार दिला होता; त्या उधारीची वसुली थांबली. कोण बुडविणारा आणि कोण सावकाश कां होईना पण फेडणारा, हें न्यूयॉर्कमध्यें बसून कळण्यास मार्ग नव्हता. तो मार्ग आपणच काढावा असें ल्यूइसच्या मनानें घेतलें, आणि १८४१ च्या उन्हाळ्यांत त्यानें 'मर्कंटाइल एजन्सी' या नांवाची कचेरी उघडली. त्याच वर्षीं 'ॲमिस्टाड' जहाजावरील आफ्रिकन बंदिवानांची अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मुक्तता केली. त्या खटल्याची खटपट करणाऱ्यांत टॅपन अग्रभागीं होता. माणसांच्या देहाची विक्री ज्यास पाप वाटली त्यानेंच माणसांच्या लौकिकाची विक्री आरंभिली, असें चटकदार वाक्य येथें कोणास सुचेल. पण तें न्यायाचें होणार नाहीं. सचोटीच्या माणसास दूर देशींहि उधार मिळावें आणि लबाडास कोठेंच मिळूं नये, असा नीतीचा लाभ या धंद्यांत त्यास प्रामाणिकपणें दिसत होता. आणि तो अगदींच खोटा होता असेंहि नाहीं. न्यूयॉर्कांत ज्यांची ओळखदेख नाहीं, वशिला नाहीं, अशा होतकरू दुकानदारांस चोपडींतील एखादी चांगली ओळ फार उपयोगी पडत असे.

या कचेरीची रचना मोठ्या हुषारीची होती. गांवोगांव टॅपननें वार्ताहर नेमले. ते बहुतेक वकील असत. त्यांस रोख वेतन नव्हतें. त्यांच्या भागांतील थकलेल्या कर्जांच्या वसुलीचें काम एजन्सीच्या द्वारें त्यांना मिळे, आणि त्याच्या बदल्यांत ते आपल्या गांवच्या व्यापाऱ्यांची हकीकत लिहून पाठवीत. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन हाहि इलिनॉय प्रांतांत वकिली करीत असतां या एजन्सीचा एक वार्ताहर होता. आलेली हकीकत कारकून मोठमोठ्या जाड चोपड्यांत उतरून घेत. वर्गणीदार व्यापाऱ्यानें कचेरींत यावें, नांव सांगावें, आणि कारकुनानें चोपडींतील मजकूर वाचून दाखवावा, असा शिरस्ता होता. नक्कल मिळत नसे. ऐकलेलें दुसऱ्यास सांगूं नये अशी अट असे. मालमत्ता किती, कर्ज किती, एवढेंच त्या चोपड्यांत असतें तर वादच नव्हता. परंतु मनुष्याचें वय, लग्न, बायकोचें माहेर, दारूचें व्यसन, भागीदारांतील बेबनाव, चालचलणूक, हें सारें तेथें नोंदलें जाई. आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें पाहण्याची सोय मात्र एकट्या त्या मनुष्यासच नव्हती. तो वर्गणीदार नव्हता, म्हणजे तो या दुकानाचा गिऱ्हाईकच नव्हता. वर्तमानपत्रांनीं या प्रकारास हेरगिरी म्हणून झोडपलें यांत नवल नाहीं.

पहिला मोठा झगडा ओहायो प्रांतांतील नॉर्वाक गांवच्या बीअर्ड्सली नांवाच्या व्यापाऱ्यांनीं केला. १८४८ सालीं एजन्सीच्या दफ्तरांत त्यांच्याविषयीं अशा आशयाची नोंद झाली कीं, भागीदारांपैकीं एकाची बायको काडीमोड व पोटगी मागण्याच्या बेतांत आहे, त्यामुळें तो आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नांवें करील आणि दुकान बंद पडेल. घरांतील कलहाची कुजबूज, खरी असो वा खोटी, न्यूयॉर्कच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या कानीं गेली आणि तिचें रूपांतर उधार बंद होण्यांत झालें. बीअर्ड्सलींनीं टॅपनवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८५१ च्या अखेरीस न्यूयॉर्क येथें तो चालला. ही बातमी कोणी पुरविली असें न्यायालयानें विचारलें असतां टॅपनच्या पश्चात् एजन्सी चालविणाऱ्या बेंजामिन डग्लस यानें नांव सांगण्याचें साफ नाकारलें, आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल तो तुरुंगांत गेला. जूरीनें वादीस दहा हजार डॉलर देवविले. वर्षानुवर्षें अपिलें होऊन शेवटीं सर्वोच्च न्यायालयांत तो निकाल टिकला नाहीं.

डग्लसच्या त्या तुरुंगवासाकडे थोडें निरखून पाहिलें पाहिजे. त्याचा मित्रवर्ग त्याला धीरोदात्त म्हणत असेल, आणि एका अर्थानें तो होताहि. गुप्तता राखण्यासाठीं त्यानें कारावास पत्करला. पण ती गुप्तता कोणाची? ज्याच्या संसाराची लक्तरें चोपडींत टांगलीं त्याची नव्हे. ज्यानें तीं टांगलीं त्याची. 'विश्वास राखणें' या शब्दांचा या धंद्यांत पहिल्यापासून हाच अर्थ होता. बातमीदाराचा विश्वास राखावयाचा, वर्गणीदाराचा राखावयाचा. ज्याची बातमी आहे तो या व्यवहारांत पक्षकारच नाहीं. पुढील दीडशें वर्षांतील बहुतेक भांडणांचें मूळ येथें आहे असें आमचें मत आहे.

धंदा मात्र भराभर वाढला. सिनसिनाटी शहरीं जॉन ब्रॅडस्ट्रीट यानें १८४९ सालीं प्रतिस्पर्धी कचेरी काढली. टॅपनची एजन्सी १८५९ सालीं रॉबर्ट डन याच्या हातीं आली. प्रत्येक वेळीं कचेरींत येऊन ऐकण्याचा त्रास वांचावा म्हणून सांकेतिक अक्षरांत आणि आंकड्यांत पत दाखविणारीं छापील पुस्तकें निघालीं. तीं विकत दिलीं जात नसत, वर्गणीदाराकडे केवळ वापरण्यापुरतीं असत. या दोन्ही पेढ्या १९३३ सालीं एक झाल्या. डनच्या पेढीच्या अडीच हजारांहून अधिक हस्तलिखित चोपड्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयांत आहेत आणि इतिहाससंशोधक त्या वाचतात. ज्यांचीं नांवें त्यांत आहेत त्यांना आपल्या हयातींत तो लाभ झाला नाहीं.

इकडे न्यायालयांपुढें असा प्रश्न आला कीं, या चोपड्यांतील मजकूर खोटा निघाल्यास एजन्सीस दोषी धरावें काय? अमेरिकन न्यायालयांनीं हळूहळू असें ठरविलें कीं, ज्या वर्गणीदाराचा त्या व्यवहारांत खरोखर संबंध आहे त्यास विश्वासानें दिलेली माहिती ही कायद्याच्या संरक्षणास पात्र आहे. द्वेषबुद्धि सिद्ध झाली, किंवा संबंध नसलेल्या लोकांतहि ती सरसकट वांटली गेली, तरच संरक्षण जाईल. म्हणजे निष्काळजीपणास बहुधा माफी मिळाली. ब्रिटिश साम्राज्यांत उलट घडलें. ऑस्ट्रेलियांतून आलेल्या मॅकिंटॉश विरुद्ध डन या अपिलाचा निकाल देतांना १९०८ सालीं लंडनच्या प्रिव्हि कौन्सिलनें असें म्हटलें कीं, जे नफ्याकरितां दुसऱ्यांच्या चारित्र्याचा व्यापार करतात त्यांस असें संरक्षण देणें समाजाच्या हिताचें नाहीं. ज्यास फायदा घ्यावयाचा त्यानें जोखीमहि घ्यावी, हा त्यांतील सरळ न्याय आहे. एकाच पेढीच्या एकाच धंद्याविषयीं दोन देशांत दोन निराळे न्याय लागले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण अमेरिकेंत झालें तें अपरिहार्यच होतें असें पुढें पुष्कळदां सांगण्यांत आलें.

येथवर गोष्ट व्यापाऱ्यांची होती. सामान्य संसारी मनुष्य चोपडींत आला तो नंतर. १८९९ सालीं जॉर्जिया प्रांतांतील ॲटलांटा शहरीं केटर वुलफर्ड आणि गाय वुलफर्ड या दोघां भावांनीं 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली. केटर पूर्वीं किराणा व्यापारांत होता. कोणतें कुटुंब वाण्याचें बिल वेळेवर भरतें, कोणतें रेंगाळतें, आणि कोणास रोख घेतल्याखेरीज माल देऊं नये, याची यादी दुकानोदुकान फिरून त्यांनीं जमविली व वर्गणी घेऊन दुकानदारांस पुरविली. लवकरच त्यांना याहून किफायतशीर गिऱ्हाईक मिळालें, तें म्हणजे विमा कंपन्या. विम्याच्या अर्जदाराची प्रकृति आणि चालरीत कशी आहे हें शोधण्याचें काम रिटेल क्रेडिटचे लोक करूं लागले. त्यांची शोधाची रीत साधी होती : शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारावयाचें. मनुष्य पितो काय, घरांत भांडणें होतात काय, घर नीटनेटकें आहे काय, कोण येतें, कोण जातें. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोट्यवधि अमेरिकनांचीं प्रकरणें या कंपनीच्या दफ्तरीं जमलीं होतीं, आणि त्या कोट्यवधींपैकीं फारच थोड्यांना कंपनीचें नांव ठाऊक होतें.

जें कागदावर होतें तें संगणकांत घालण्याचा विचार १९६० नंतरच्या दशकांत सुरू झाला तेव्हां लोक जागे झाले. कागदाच्या दफ्तरास एक नैसर्गिक दया असते. तें कुजतें, हरवतें, एका शहरांतून दुसऱ्या शहरांत सहसा जात नाहीं. माणसाला नव्या गांवीं नवा आरंभ करतां येतो. संगणकाच्या स्मृतीला ही दया नाहीं. ॲलन वेस्टिन या विद्वानाचा 'प्रायव्हसी अँड फ्रीडम' हा ग्रंथ १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास अमेरिकन काँग्रेसच्या समित्यांपुढें या कंपन्यांच्या प्रतिनिधींची तपासणी झाली, आणि सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्या चिकाटीमुळें 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट' हा कायदा पास होऊन २६ ऑक्टोबर १९७० रोजीं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची त्यावर सही झाली.

हा कायदा पुढील साऱ्या इतिहासाचा पाया असल्यामुळें त्यांतील देणें आणि घेणें दोन्ही पाहिलीं पाहिजेत. मनुष्यास मिळालें तें असें : चौकशीच्या अहवालामुळें कर्ज, विमा किंवा नोकरी नाकारली गेल्यास नाकारणाऱ्यानें अहवाल देणाऱ्या संस्थेचें नांव व पत्ता सांगितला पाहिजे, संस्थेनें दफ्तरांतील माहितीचा आशय त्यास कळविला पाहिजे, चूक दाखविल्यास पुन्हां तपास केला पाहिजे, आणि सात वर्षांपूर्वींच्या प्रतिकूल गोष्टी, दिवाळखोरीसारखे अपवाद सोडून, वगळल्या पाहिजेत. एकशें एकोणतीस वर्षांनीं टॅपनच्या कचेरीचें दार चोपडींतल्या माणसास किलकिलें झालें. परंतु नक्कल हातीं देण्याचें बंधन त्या वेळीं घातलें गेलें नाहीं. शेजाऱ्यांपैकीं कोणी काय सांगितलें हें तर झांकलेलेंच राहिलें. आणि या हक्कांच्या मोबदल्यांत कंपन्यांनीं एक मोठी सूट पदरांत पाडून घेतली : या कायद्यान्वयें जें उघड झालें त्याच्या आधारें कोणास अब्रुनुकसानीचा किंवा निष्काळजीपणाचा दावा लावतां येणार नाहीं, द्वेषबुद्धीनें खोटी माहिती दिली असें सिद्ध केल्याखेरीज. तुम्हांला पाहूं देतों, पण पाहिल्यावर भांडूं नका, असा हा सौदा होता.

आमच्याकडील वाचकास या ठिकाणीं एक जुना कायदा आठवल्याशिवाय राहणार नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील कुणब्यांनीं सावकारांवर उठाव केला तेव्हां त्यांचा मुख्य रोख धान्यावर किंवा पैशावर नव्हता, कर्जरोख्यांच्या कागदांवर होता; सुपें गांवापासून तो वणवा पेटला. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें कुळास पावती, सालोसालचा हिशेब आणि खातेंपुस्तक मागण्याचा हक्क दिला. सावकाराच्या वहींत आपल्या नांवावर काय लिहिलें आहे तें आपल्या हातीं असलें पाहिजे, एवढी गोष्ट परकीय सरकारासहि दंग्यानंतर कां होईना उमगली होती. १९७० च्या अमेरिकन कायद्यास ती पुरती उमगली नाहीं.

कायद्याचा उपयोग मुळींच झाला नाहीं असें मात्र नव्हे. सेंट लुई शहरांतील एका पत्रकाराचा मोटारीचा विमा एका चौकशी कंपनीच्या अहवालावरून धोक्यांत आला. त्या अहवालांत तो हिप्पी वळणाचा, निदर्शनांत भाग घेणारा, मादक पदार्थांचा संशय असलेला, असें रंगविलें होतें. त्यानें कायद्याप्रमाणें दफ्तर दाखविण्याची मागणी केली तेव्हां कंपनीनें अर्धवट उत्तरें देऊन टोलवाटोलवी केली. खटल्यांत निष्पन्न झालें तें असें कीं, हा मजकूर त्याच्या वॉशिंग्टनमधील जुन्या घराच्या शेजारच्या एका आकसखोर माणसाकडून आला होता, आणि चौकशी करणाऱ्यानें साऱ्या कामावर फार तर अर्धा तास खर्च केला होता. न्यायालयानें त्या पत्रकारास अडीच हजार डॉलर नुकसानभरपाई आणि पंचवीस हजार डॉलर दंडात्मक भरपाई देवविली. १९७६ सालीं अपिलांतहि तो निकाल कायम राहिला. त्याला हक्क बजावतां आला याचें एक कारण असें कीं, त्याला प्रश्न विचारण्याची संवय होती.

१९७३ सालीं विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील एका सरकारी समितीनें या साऱ्याचीं पांच सूत्रें केलीं. गुप्त दफ्तर असूं नये. आपल्याविषयीं काय नोंदलें आहे व तें कसें वापरलें जातें हें कळण्याची सोय असावी. एका कामासाठीं घेतलेली माहिती संमतीवांचून दुसऱ्या कामीं लावूं नये. चूक दुरुस्त करण्याचा मार्ग असावा. आणि दफ्तर ठेवणाऱ्यानें तें विश्वसनीय ठेवून त्याचा दुरुपयोग टाळावा. हीं सूत्रें अमेरिकेंत १९७४ च्या कायद्यानें सरकारी खात्यांना लागलीं. खाजगी कंपन्या सरसकट त्यांच्या कक्षेंत आल्या नाहींत. युरोपनें मात्र तीं मनावर घेतलीं. जर्मनींतील हेस प्रांतानें तर १९७० सालींच, आणि स्वीडननें १९७३ सालीं, या विषयावर कायदे केले होते. त्या परंपरेची परिणति २५ मे २०१८ पासून अमलांत आलेल्या युरोपीय संघाच्या नियमांत झाली. त्या नियमांप्रमाणें मोठ्या कंपनीस तिच्या जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या शेंकडा चार इतका दंड होऊं शकतो. युरोपची कथा स्वतंत्र लेखाची आहे. आपण ॲटलांटाकडे परत येऊं.

रिटेल क्रेडिट कंपनीचें नांव फार बदनाम झालें तेव्हां, १९७५ च्या सुमारास, तिनें तें बदलून 'इक्विफॅक्स' असें केलें. १९९७ सालीं तिच्यांतून 'चॉइसपॉइंट' नांवाची एक शाखा वेगळी निघाली. तिचा धंदा तोच, लोकांची माहिती विकण्याचा. व्यापारी असल्याची बतावणी करून कांहीं भामटे तिचे रीतसर वर्गणीदार झाले आणि त्यांनीं सुमारें १ लक्ष ६३ हजार माणसांची माहिती पैसे मोजून विकत घेतली. येथें कोणी कुलूप फोडलें नाहीं. दुकानदारानेंच माल तोलून दिला. २००५ च्या आरंभीं कंपनीनें ही गोष्ट प्रथम फक्त कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कळविली, कारण अशी सूचना देण्याची सक्ती करणारा कायदा त्या वेळीं त्याच प्रांतांत होता. ओरड झाल्यावर इतरांनाहि पत्रें गेलीं. २००६ सालीं फेडरल ट्रेड कमिशनशीं झालेल्या तडजोडींत चॉइसपॉइंटनें एक कोटि डॉलर दंड आणि पन्नास लक्ष डॉलर भरपाईसाठीं देण्याचें मान्य केलें. टॅपनच्या काळीं वर्गणीदार निवडून घेण्याची दक्षता धंद्याचा प्राण मानली जाई. दीड शतकानंतर तीहि उरली नव्हती.

यानंतरची घटना सर्वांत मोठी. ७ मार्च २०१७ रोजीं संगणकाच्या एका सर्रास वापरांत असलेल्या प्रणालींत दोष असल्याचें जाहीर झालें आणि त्यावरील उताराहि त्याच दिवशीं उपलब्ध झाला. दुसऱ्या दिवशीं सरकारी यंत्रणेनें इक्विफॅक्सला सावध केलें. कंपनीच्या एका भागांत तो उतारा लावलाच गेला नाहीं. १३ मे पासून ३० जुलैपर्यंत चोर त्या भोंकांतून आंत वावरत होते. आंत त्यांना उघड्या अक्षरांत लिहून ठेवलेलीं नांवें आणि परवलीचे शब्द सांपडले. त्यांच्या बळावर ते ४८ निरनिराळ्या माहितीकोशांत शिरले. पहारा करणारें यंत्र होतें, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत एकोणीस महिन्यांपूर्वीं संपली होती, त्यामुळें तें आंधळें झालें होतें. प्रमाणपत्र नवें केलें त्याच रात्रीं चोरी दिसली. ७ सप्टेंबरला कंपनीनें जगास सांगितलें. एकंदर १४ कोटि ७० लक्षांहून अधिक अमेरिकनांचीं नांवें, जन्मतारखा आणि सरकारी ओळखक्रमांक गेले होते. मुख्याधिकारी रिचर्ड स्मिथ त्याच महिन्यांत निवृत्त झाले आणि ऑक्टोबरांत काँग्रेसच्या समितीपुढें त्यांनीं उतारा न लागण्याचा दोष एका कर्मचाऱ्याच्या चुकीवर ठेवला. डिसेंबर २०१८ मध्यें प्रतिनिधिगृहाच्या समितीनें आपल्या अहवालांत ही चोरी सर्वस्वी टाळतां येण्याजोगी होती असा अभिप्राय दिला.

चोर ज्या दारानें शिरले तें दार कोणतें होतें, ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या गलबल्यांत मागें पडली. आमच्या विषयाच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची आहे. १९७० च्या कायद्यानें मनुष्यास आपल्या नोंदीतील चूक दाखविण्याचा हक्क दिला. त्या तक्रारी स्वीकारण्यासाठीं कंपनीनें जी व्यवस्था उभी केली तिचें मूळ १९७० नंतरच्या त्याच दशकांतलें होतें, आणि पुढें तिलाच इंटरनेटची जोड देण्यांत आली होती. उतारा लागला नाहीं तो या व्यवस्थेस. वर्गणीदारांकडे तोंड असलेल्या दालनांवर कंपनीची भरभराट अवलंबून होती. चोपडींतल्या माणसाकडे तोंड असलेलें हें दार कायद्यानें पाडावयास लावलेलें, त्यांतून उत्पन्न कांहीं नाहीं. तें जुनाट राहिलें, दुर्लक्षित राहिलें. हें मुद्दाम झालें असें आम्ही म्हणत नाहीं; घराच्या मागील दाराची कडी नेहमीं अशीच गंजते.

२२ जुलै २०१९ रोजीं इक्विफॅक्सनें सरकारशीं तडजोड केली. रक्कम निदान ५७ कोटि ५० लक्ष डॉलर, आणि प्रसंगीं ७० कोटि डॉलरपर्यंत. इतका मोठा आंकडा ऐकून लोकांस समाधान वाटलें. प्रत्येकास सवाशें डॉलर रोख घेण्याचा एक पर्याय दिला होता, आणि पहिल्या आठवड्यांत अर्जांचा पूर लोटला. तेव्हां कमिशननें लोकांना कळविलें कीं, या रोख पर्यायासाठीं बाजूस काढलेली रक्कम ३ कोटि १० लक्षच आहे, म्हणून प्रत्येकाच्या वांट्यास फार थोडें येईल. भागाकार कोणीहि करावा : सवाशें डॉलरप्रमाणें ती रक्कम २ लक्ष ४८ हजार माणसांना पुरते. माहिती गेली होती तीं माणसें याच्या सुमारें सहाशें पट होतीं. २०२० च्या फेब्रुवारींत अमेरिकन सरकारनें चीनच्या सैन्यांतील चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला.

याच धंद्यांतील 'ट्रान्सयुनियन' या दुसऱ्या कंपनीचा खटला २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयांत सुटला. त्या कंपनीच्या दफ्तरांत ८,१८५ माणसांच्या नांवापुढें, केवळ नांवाच्या साम्यावरून, दहशतवादी व गुन्हेगारांच्या सरकारी यादींत हा मनुष्य असावा अशी खूण होती. पांच विरुद्ध चार मतांनीं न्यायालयानें ठरविलें कीं, ज्या १,८५३ जणांचे अहवाल बाहेर कोणास पाठविले गेले त्यांनाच दावा करतां येईल. बाकींच्यांची खूण दफ्तरांतच पडून राहिली, म्हणून त्यांचें प्रत्यक्ष नुकसान झालें नाहीं. बदनामीचें पत्र लिहून टेबलाच्या खणांत ठेवलें तर बदनामी होत नाहीं, असा दृष्टांत न्यायालयानें दिला. दृष्टांत तर्काला धरून आहे. पण विक्रीसाठींच लिहिलेल्या पत्रांच्या दुकानास तो कितपत लागू पडतो, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. खणांतील पत्र खासगी असतें. दुकानांतील पत्र गिऱ्हाईकाची वाट पाहत असतें.

या वृत्तांताचा आपल्याशींहि संबंध आहे. मुंबईस २००० सालीं सिबिल ही पत-नोंदींची संस्था निघाली. पुढें तिची बहुतांश मालकी याच ट्रान्सयुनियनकडे गेली. २००५ सालीं अशा संस्थांसाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें प्रत्येकास वर्षांतून एकदां आपला पूर्ण अहवाल फुकट मिळूं लागला. इक्विफॅक्सनें चोरीची कबुली दिली त्याच्या बरोबर चौदा दिवस आधीं, २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यास अनुसरून २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें केला. माहिती सुरक्षित राखण्यांत कसूर करणाऱ्या कंपनीस त्याप्रमाणें अडीचशें कोटि रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधींत जमा व्हावयाची आहे. कंपनीच्या निष्काळजीपणामुळें ज्याचें नुकसान झालें त्यास भरपाई मागूं देणारें एक कलम माहिती-तंत्रज्ञानाच्या जुन्या कायद्यांत होतें. तें गाळण्याची तरतूद या नव्या कायद्यांतच केलेली आहे. खोटी अथवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकास दहा हजार रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूदहि त्यांत आहे.